माशी दिसणारा चष्मा

मंडळी, आज चष्मा घ्यायले मी बंदूक घेऊन गेलो. हसता काहून? शिकारीचा चष्मा बंदुकीशिवाय निवडाचा कसा?

अमेरिकेतल्या लढाईनं आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला, तवापासून अमरावतीचे चष्मेवालेबी खेड्यापाड्यात फिरून राहिले. एकाले मी वेशीबाहेर नेलं.

पहिला चष्मा घालून बंदूक खांद्याले लावली. दूरच्या निंबाचं पान न् पान दिसलं, पण नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतो ती, पार पुसट. दुसऱ्या चष्म्यानं माशी लख्ख, अन् दूरचं सारं धुरकट.

"पहिला घ्या, पाटील. सारे तोच नेतात."

माझा जुना शिकारसोबती गणपत चिडला. "माशी दिसली पायजे! डुक्कर त् धुरकटबी वळखू येते."

मी दुसराच घेतला. गणपतले वाटलं, त्याचं आयकलं.

खरं सांगू? पहिल्यातून निंबामागचं बाभूळबन पाहाले गेलो. बाबानं मले नेम धराले तिथंच शिकवलं होतं. एक बाभूळ उरली नाही, आभाळापर्यंत नुसता कापूस.

दुसऱ्यातून तिथं फक्त हिरवं दिसते. कापूस का बाभळी, कळत नाही.

तुमी कोणता घेतला असता?