चाळीतल्या मोटरी

पहिल्या खोलीतल्या काकूंमुळे मी नाशकात टिकले. हे आधी सांगते, मग बाकीचं.

नववीतून शाळा सुटली आणि किनवटकडचं गाव सोडून मी नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आले. आमच्या चाळीत सगळ्यांचे नळ एकाच पाइपवर, आणि माझी खोली शेवटची. सकाळी पाणी आलं की दारोदारी मोटरी घुरघुरायच्या. पाणी ओढून घ्यायला प्रत्येकानं नळाला लावलेल्या. माझ्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. पलीकडच्या गल्लीतून हंडे आणेपर्यंत कंपनीचं गेट बंद. सुपरवायझर म्हणालाच होता, "आता उशीर झाला तर सरळ गावचं तिकीट काढ." गावी कोणत्या तोंडानं जाणार होते?

काकूंपुढे रडले. खरं तर त्यांचीच मोटर सगळ्यांत मोठी. रविवारी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या,

"भांडायचं नाय. मोटर का घेतली, तेवढं एकेकानं सांगायचं. आधी मी सांगते. शेजारच्या भाऊंनी घेतली म्हणून घेतली."

"अहो वहिनी, मी तर तुमच्या धाकानं घेतली!" भाऊ म्हणाले.

"म्हणजे लाइटबिल भरून आपण एकमेकांचंच पाणी ओढतोय," कुणीतरी हसत म्हणालं.

माझी पाळी आली. बोलणं गावाकडचं, म्हणून मी चारचौघांत गप्पच असायची. कसंबसं म्हणाले, "माझी मोटर नाही. घेतली तरी ओढू काय? माझ्यापर्यंत पाणी येतच नाही."

मग काकूंनी प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतलं, "उद्या मोटर लावणार नाही." मला वाटलं, बोलायला काय जातंय!

सकाळी नळाखाली हंडा लावून कान देऊन बसले. एक मोटर घुरघुरलीच. तेवढ्यात काकू ओरडल्या, "काय हो भाऊ, कालचा शब्द आजच शिळा झाला का?"

"सवयीनं बटण दाबलं गेलं, वहिनी!"

अख्खी चाळ हसली. मोटर थांबली. माझ्या नळाला करंगळीएवढी धार लागली. हंडा भरला, गेट गाठलं.

अजूनही अधूनमधून कुणाची तरी मोटर वाजते. मग पुन्हा ओट्यावर बसणं आलं. माझी धाकधूक काही जात नाही.

काकूंचे गुडघे आता दुखतात. एक दिवस त्यांना हंडा उचलवणार नाही. त्या दिवसापासून त्यांचं पिंप आधी भरीन, मग माझं.