रकान्यातला वीस

श्वास मोजायला एक मिनिट लागतं. छातीकडे बघायचं आणि मनात मोजायचं. पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात आणि वॉर्डात आलं की पहिल्याच आठवड्यात विसरायला शिकवतात. आमच्याकडे ताप, नाडी, बीपी मोजायचे आणि श्वासाच्या रकान्यात वीस, म्हणजे नॉर्मल, लिहायचे. दम्याचा म्हातारा वीस, बाळंतीणही वीस. मीसुद्धा कित्येक वर्षं वीसच लिहिला. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच.

ती बाई कडा गावाकडची. ऊसतोडीवरून ताप घेऊनच परतलेली. पंचविशीचीही नसेल. नवरा तिला सकाळी घेऊन आला. डॉक्टरांनी तपासलं, न्यूमोनिया म्हणाले, सलाइन, इंजेक्शन, ऑक्सिजन लावायला सांगितलं. ओपीडीत जाताना मला बजावून गेले, "सिस्टर, लक्ष ठेवा. जरा जरी दम वाढला तरी बोलवा, लगेच बीडला पाठवू." अँब्युलन्स दारात उभीच होती. ती तिथं होती, हे मला आजही विसरता येत नाही.

बाई कॉटवर पाय खाली सोडून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, पुढे झुकलेली. मी विचारलं, कसं वाटतंय?

"बरं... हाय... ताई."

एकेका शब्दाला थांबत होती. मला वाटलं, लाजतेय. आमच्याकडच्या सुना नवरा जवळ असला की अशाच चाचरत बोलतात. तिच्या गळ्यातले काळे मणी प्रत्येक श्वासाला खळगीत आत ओढले जात होते. मी बघितलं. देवाशपथ, बघितलं, आणि डोळ्यांवर कातडं ओढलं. बोटाला यंत्र लावलं तर आकडा चौऱ्याण्णव. झालं माझं समाधान. ऑक्सिजन चालू असताना तो आकडा फसवतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

अकराला मोठ्या डॉक्टरांचा राउंड असे. त्याआधी सगळे पेशंट सरळ झोपलेले, चादर गळ्यापर्यंत, नातेवाईक बाहेर, ही आमच्या वॉर्डाची जुनी शिस्त. मी तिला म्हटलं, "आडवी हो गं बाई. बसून दुखणं बरं होतंय का कुठं?"

नवरा मध्ये पडला. "पडली की दम कोंडतो तिचा, ताई. बसू द्या की जरासं."

"तुम्हीच नर्स व्हा मग," मी म्हणाले.

ती निमूट आडवी झाली. मी चादर गळ्यापर्यंत ओढली, त्याला बाहेर काढलं आणि कागदावर लिहिलं, श्वास वीस.

राउंड तिच्या कॉटपाशी पोचायला अर्धा तास लागला. चादर हलत नव्हती.

मग छाती दाबणं, तोंडावर पिशवी लावून हवा भरणं, नुसती धावाधाव. बैल गेला अन् झोपा केला. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "सगळं तर नॉर्मल होतं." त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. पुढे कुणी काही विचारलं नाही. कुणीतरी विचारावं, असं मला अजून वाटतं.

आता मी चादर खाली करून पुरतं मिनिटभर मोजते. नव्या पोरी हसतात. मी एक दिवस रजेवर गेले की रकान्यात पुन्हा वीस, वीस, वीस. ओरडून बघितलं, हात जोडून बघितलं. आता तेही सोडलंय. मोजताना आकडा तिशीच्या पुढे गेला की तिचा किती असेल असं मनात येतं, आणि ते मला कधीच कळणार नाही.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. तिला घेऊन जाताना नवऱ्यानं माझे पाय धरले. "ताई, तुमी लई केलं," म्हणाला. "म्याच येडा. का म्हून बसवून ठेवली तिला, काय म्हाईत. तुमी म्हनला तसं आधीच निजवली असती, तर वाचली असती."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्याला उठवलं आणि पाणी दिलं. तो अजून तेच मानत असेल.