दादाच्या अंगठ्याची हालचाल

माझ्या थोरल्या भावाचा अंगठा तेलानं बरा झाला नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. माझ्या बायकोलाही नाही.

मी शेंद्र्यातल्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम करतो. आणि घरी आल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, एका सॉफ्टवेअर लायब्ररीचं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. गेम खेळायचा कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडला की त्याची बटणं आणि अंगठ्यानं ढकलायच्या छोट्या दांड्या ओळखणारा हा सामाईक कोड. सगळ्यांना खुला, फुकट. कितीतरी गेम तो वापरतात आणि त्यात दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं. सुरुवातीला मजा वाटली. नंतर नुसत्या तक्रारी उरल्या. एकाचं डावं बटण उजवं समजलं जातं, दुसऱ्याचा स्वस्तातला कंट्रोलर भलत्याच कंपनीचं नाव सांगून आत शिरतो. आभार मानणारे थोडे, ‘अजून चालत नाही’ लिहिणारे जास्त. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा.

सगळ्यात जास्त तक्रारी दांडीच्या. कंट्रोलर जुना झाला की दांडी मोकळी सोडली तरी कललेलीच भासते आणि गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालत सुटतो. उपाय असा, की मधल्या थोड्या भागातली हालचाल मोजायचीच नाही. त्या भागाला आम्ही डेड झोन म्हणतो. नीट करायचं तर कोणतं मॉडेल किती कलतं ते तपासून प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा लागतो. तेवढा दम माझ्यात उरला नव्हता. मी सरसकट सगळ्यांचाच डेड झोन वाढवून टाकला.

अशी दुरुस्ती आत घेण्याआधी दुसरा कुणीतरी ती तपासतो. तो कुठल्या देशातला, मला आजही माहीत नाही. त्यानं विचारलं, यात बारीक हालचाली गिळल्या जाणार नाहीत का? मी माझ्या अंगठ्यानं दांडी ढकलून बघितली आणि लिहिलं, इतक्या हलक्या हातानं कुणी खेळत नाही. दुरुस्ती मंजूर झाली.

इतक्या हलक्या हातानं खेळणारा माझा सख्खा भाऊ होता.

दादा गावी, पिशोरला असतो. भाजीचा टेम्पो घेऊन वर्षानुवर्षं शहरात यायचा. मग स्नायू ढिले पडायचा आजार लागला. आधी पाय गेले, मग हात. मी त्याला एक कॉम्प्युटर बसवून दिला, कंट्रोलर दिला, आणि ट्रक चालवायचा एक गेम. डावा अंगठा तेवढा हलत होता, तोही जेमतेम. तेवढ्यावर तो घाट उतरायचा. समोरून गाडी आली की तोंडानं हॉर्न द्यायचा. वहिनी म्हणायच्या, “टेम्पो होता तवा दिवसभर घराबाहेर. आता घरात बसून बी बाहेरच!”

एका रविवारी जाऊन मीच त्याच्या कॉम्प्युटरवर लायब्ररीची नवी आवृत्ती चढवली. हे मी केलंय, असं सांगितलंसुद्धा. “व्हय का? मग पळंल झकास,” दादा म्हणाला. गेम चालू करून न बघताच मी निघालो.

पुढच्या खेपेला कंट्रोलर कपाटावर होता, फडक्यात गुंडाळलेला.

“काय झालं, दादा?”

“गेला. ह्यो बी अंगठा गेला.”

“सेटिंग असेल काहीतरी.”

“कशाची सेटिंग? मी ढकलतोय अन् ट्रक आपला सरळच. लई डाव खड्ड्यात घातला. आता काय दातानं वळवू, बारक्या?” तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. दोघं डॉक्टरकडं जाऊन आले होते. आजार पुढं सरकला असेल, हाताचा व्यायाम रोज करा, चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी लॅपटॉपला कंट्रोलर जोडला आणि दादाच्या अंगठ्याखाली दांडी धरली. पडद्यावर दोन आकडे दिसतात. वरचा, कंट्रोलरनं पाठवलेला. खालचा, लायब्ररीनं गेमला दिलेला. वरचा आकडा अंगठ्याबरोबर हलत होता, पूर्वीइतकाच. खालचा शून्यावरून हलेना.

“दिसतंय का काय?”

“बघतो,” मी म्हणालो.

जुनी आवृत्ती तिथल्या तिथं परत चढवता आली असती. पण मग ट्रक लगेच वळला असता आणि दादानं विचारलं असतं, काय केलंस रे? तो प्रश्न मला नको होता. अंगठा गेला असं समजणाऱ्या माणसाला तसंच सोडून मी शहरात परतलो.

मग मात्र नीट काम केलं. मॉडेलगणिक आकडे लावले. बदलाच्या टिपणात लिहिलं, काही वापरकर्त्यांच्या हलक्या हालचाली गळत होत्या. दादाला मी ‘काही वापरकर्ते’ करून टाकलं.

पुन्हा पिशोरला गेलो तोवर वहिनींनी शहागंजातल्या एका हकिमाचं तेल सुरू केलं होतं. त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी काही न सांगता नवी आवृत्ती चढवली आणि दादाला म्हणालो, “धरून तर बघ.”

ट्रक वळला.

“अगं ए! वळतंय! तेल लागू पडलं बघ!”

“मी म्हणलं नव्हतं? तुमालाच इस्वास नाय.” वहिनींनी माझ्या हातावर इमरती ठेवली. “भावजी, येताना एक बाटली आणत जा बरं शहागंजातून.”

मी हो म्हणालो. इमरती खाल्ली.

तेव्हापासून तेल मीच नेतो. व्यायाम बंद पडला. “तेलानं भागतंय तर हात कशाला पिरगाळून घ्यायचा?” दादा म्हणतो. डॉक्टरकडं जाणंही सुटलं. मी मध्येमध्ये काहीतरी निमित्त काढून आकडे बघतो. आता वरचाच आकडा कमी येतो. म्हणजे अंगठा खरोखर चालला आहे. दर वेळी मी त्याच्या एकट्याच्या कंट्रोलरचा डेड झोन गुपचूप थोडा कमी करतो, ट्रक वळतो, आणि वहिनी तेलाच्या बाटलीकडं बघतात. गेल्या खेपेला तो शून्यावर आणला. याच्या खाली कमी करायला काही नाही.

दादाला एवढं सांगायचं आहे: तेव्हा तुझा अंगठा गेला नव्हता, तेलानं परत आला नाही, दोन्ही वेळा माझा कोड होता. आता तो खरंच जातो आहे, तेव्हा व्यायाम सुरू कर आणि डॉक्टरकडं चल. हे सांगणं मी त्याला देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.