माझ्याआधी येऊन गेलेली बाई

मी नर्स आहे. वॉर्डात माणसं जाताना पाहिली आहेत, त्यांचं अंग पुसून, केस विंचरून नातेवाइकांच्या ताब्यात दिलंय आणि त्याच ड्यूटीत डबा उघडून जेवलेही आहे. कधी काही दिसलं नाही, कधी काही जाणवलं नाही. त्यात आमचं घर बौद्ध. वडिलांनी दारावर कधी लिंबू-मिरची टांगू दिली नाही, आणि कुणाच्या अंगात आल्याचे किस्से ते हसून उडवून लावायचे. त्यामुळे इथे लोक भुताखेताचे अनुभव लिहितात, ते मी आजवर वाचले जेवणानंतरची करमणूक म्हणून. आज स्वतःच लिहायला बसलेय, तर थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही नगरला सावेडीत राहतो. मी आणि माझा नवरा मिलिंद. तो शाळेत गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझं मन बिघडलं. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. आयसीयूची ड्यूटी सलग चालली होती, आणि एक दिवस लक्षात आलं की मला रडू येत नाही, हसू येत नाही, भाजी तिखट आहे की अळणी तेही कळत नाही. मिलिंदनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या डॉक्टर बाईंनीच एकदा विचारलं, "चालायला आवडतं का तुम्हाला?"

तेव्हापासून चालतेय. आधी कॉलनीत, मग एका रविवारी थेट हिवरे बाजारपर्यंत. तिथं पोचल्यावर एका दगडावर बसून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि ती चक्क गोड लागली. मग त्या गोडीसाठी पुन्हा पुन्हा निघायला लागले. सॅक घेतली, छोटा टेन्ट घेतला. तळ्याकाठी, माळावर, नाहीतर शेतकऱ्याला विचारून बांधाच्या कडेला मुक्काम करायचा. एकटीनं चालताना कुणाशी चेहरा नीट ठेवून बोलावं लागत नाही, याचाच केवढा तरी आराम असतो. मिलिंदची अट एकच — संध्याकाळी टेन्ट लावला की लोकेशन टाकायचं.

"बाकीच्यांच्या बायका माहेरी जातात," तो म्हणायचा, "माझी माळावर जाते."

पण मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा खाली घसरले. या वेळी चालूनही काही होईना. तरी सुट्टी टाकली आणि ठरवलं — मिरजगावला एसटीनं उतरायचं आणि आतल्या रस्त्यांनी, सीना ओलांडून, जामखेडपर्यंत चालायचं. परत यायचंच, असं या वेळी माझ्या मनात पक्कं नव्हतं. यापेक्षा स्पष्ट लिहीत नाही. मिलिंदला हे बोलले नव्हते.

रात्रपाळी संपवून, सकाळी वॉर्डाचा चार्ज सिस्टरला देऊन मी निघाले. मिरजगावला उतरेपर्यंत दुपार झाली. तिथून आत वळलं की एका फाट्यावर पत्र्याचं हॉटेल लागतं. मी चहा सांगितला. चुलीमागच्या मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

"काय इसरलं का मागं?"

"मी?"

"सकाळी तुमीच तर दोन-दोन चा पिऊन गेल्ता की. लई हसावलं आमाला."

"मी नाही हो मावशी. मी आत्ता एसटीतून उतरलेय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हीच बॅग. ह्योच रुमाल. आन् हनुवटीवर ही टाक्यांची खून... चेष्टा करता व्हय गरिबाची?"

लहानपणी ओट्यावरून पडले होते, त्याची खूण आहे ती. मी चहाचे पैसे ठेवून उठले. असेल दुसरी कुणी ट्रेकर, बघण्यात गफलत झाली असेल, असं म्हणत चालत राहिले. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. सॅक आणि टेन्ट घेऊन एकटी चालणारी बाई या भागात मला आजवर एकही भेटलेली नाही. त्यात माझ्यासारखीच दिसणारी? आणि मी हसवलं? मी?

त्या संध्याकाळी सीनेच्या काठी टेन्ट लावला. मिलिंदला लोकेशन टाकलं. दोन घास गिळले आणि पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी वाट सोडून ज्वारीच्या शेतांमधून निघाले. मी रस्ता आधी ठरवत नाही, फाट्यावर उभं राहून मनात येईल तिकडे वळते. म्हणजे मी कुठून जाणार हे मलाच माहीत नसतं. दुपारी एका शेतात हुरडा भाजत बसलेलं म्हातारं जोडपं दिसलं. मी बांधावर दिसताच म्हातारी उठली आणि जुन्या ओळखीची असल्यासारखा तिनं हात केला.

"या, या! आलात का? ओ, ऐकलं का, कालच्या बाई आल्या बघा!"

ते रशीदचाचा आणि खातूनचाची. शेत त्यांचं स्वतःचं. मी गोणपाटावर बसले. चाचीनं ताटलीत हुरडा ओतला, शेंगदाण्याची चटणी ठेवली. मी चार दाणे तोंडात टाकले आणि थांबले.

चाची बघत होती. "काल मागून मागून खाल्लं तुमी. मी कनसं चोळून चोळून दमले. आन् आज दाना गळ्याखाली उतरंना? काय झालं एका रातीत?"

"चाची, काल मी इथं नव्हते."

"आता बोला!" चाचा हसले. "आवो, हितंच बसल्या हुत्या की. ह्याच येळंला, ह्याच जागंवर."

आजवर पेशंटच्या नातेवाइकांना कितीतरी अवघड प्रश्न विचारलेत मी. पण हा त्या सगळ्यांहून अवघड होता.

"मी... काय बोलले काल?"

चाचीनं चाचांकडे पाहिलं. मग माझी चेष्टा नाही हे तिला कळलं असावं, कारण ती जवळ सरकून बसली.

"मी इचारलं, एकली का हिंडती गं पोरी, घरी कुनी न्हाई का? तवा तुमी म्हनला, नवरा हाय, लई चांगला हाय. मदी लई वाईट दिस काढले, चाची, पार मरनाच्या दारात हुते. पन आता बरी हाय मी."

त्या वाक्यावर मला रडू फुटलं. बांध फुटावा तसं. कितीतरी महिन्यांत मी रडले नव्हते. चाची नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली आणि चाचा उगाच शेकोटीतली राख हलवत बसले. रडून झाल्यावर मी ताटली पुढे ओढली आणि सगळा हुरडा खाल्ला. अजून मागितला. चटणीनं जीभ भाजली. तिखट होती!

निघताना विचारलं, "ती... म्हणजे मी... कुठल्या वाटेनं गेले?"

चाचांनी टेकड्यांकडं बोट केलं. "तळ्याच्या अंगानं. जामखेडला निघाले म्हनला हुता."

मी त्या वाटेला लागले. भीती वाटत होती का? थोडी वाटत होती. पण त्याहून जास्त घाई होती. पुढे कुणीतरी आहे, बरी झालेली, माझ्या चेहऱ्याची... तिला गाठायचं होतं. इतकं भराभर मी कित्येक दिवसांत चालले नव्हते.

दिवस मावळायच्या आत टेकडीखालच्या पाझर तलावाशी पोचले. आजूबाजूला चिटपाखरू नाही. जरा उंचावर सपाट जागा दिसली, मी निवडली असती नेमकी तशी. जवळ गेले तर तिथलं वाळकं गवत चौकोनी दबलेलं. मी सॅक उतरवली आणि टेन्ट त्यावर पसरला. कडेला कड बसली. शेजारी तीन दगडांची चूल होती. आतली राख मी बोटांनी चाचपली... अजून कोमट होती.

अंगावर सरसरून काटा आला, हे कबूल करते. मी मोठ्यानं हाक मारली — "ओ ताई!" स्वतःला काय म्हणून हाक मारायची असते? पाण्यावरून एक बगळा उडाला, बाकी काही नाही.

मग मातीत बुटांचे ठसे दिसले. माझा डावा बूट टाचेला बाहेरून झिजलाय. त्या ठशाचीही डावी टाच तशीच. ठसे तळ्याच्या कडेनं येऊन चुलीपाशी थांबले होते आणि तिथून निघून, पाण्याकडे न वळता, सरळ जामखेडच्या वाटेला लागले होते.

मी बराच वेळ त्या ठशांकडे बघत उभी होते. माझ्या मनात जे होतं ते या असल्याच एखाद्या जागेसाठी होतं. आणि ती इथं राहून, चूल पेटवून, खाऊन पुढे गेली होती. म्हणजे इथून पुढे जाता येतं. इतकं साधं. छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं.

मिलिंदला फोन लावला. "उद्या जामखेडला येशील?"

"काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला.

"काही नाही. भूक लागलीय मला. कुठंतरी बसून जेवू दोघं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "येतो," म्हणाला, "लवकर येतो."

त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले, उजाडेपर्यंत.

सकाळी ठशांवरून निघाले. डांबरी रस्ता लागला तिथं ते संपले. जामखेडला स्टँडवर, चहाच्या टपऱ्यांवर, दोन लॉजवर विचारलं. अशी बाई कुणीही पाहिली नव्हती. मिलिंद आला, आम्ही मटण-भाकरी खाल्ली, आणि जेवता जेवता मी त्याला सगळं सांगितलं. मनात काय होतं, तेसुद्धा.

नगरला परतल्यावर डॉक्टर बाईंनाही सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मन थकलं की स्वतःचंच केलेलं माणूस विसरतं, असं त्या म्हणाल्या. पटण्यासारखं आहे. पण हॉटेलवाल्या मावशींनी सांगितलेल्या सकाळी मी वॉर्डात चार्ज देत होते, सही आहे माझी. आणि चाचीनं सांगितलेल्या दिवशी दुपारी मी मिरजगावला उतरत होते, संध्याकाळी सीनेकाठी होते, मिलिंदच्या फोनमध्ये लोकेशन आहे. "गणितात बसत नाही," तो म्हणतो, "पण माझी तक्रार नाही." डॉक्टर बाईंची पण नाही. गोळ्या चालू आहेत, चालणंही चालू आहे. माझ्यासारखी अवस्था कुणाची असेल तर असल्या कुणाची वाट बघू नका. आधी घरच्यांना सांगा, डॉक्टर गाठा.

ती कोण होती, हे मला आजही सांगता येत नाही.

या वर्षी हुरड्याच्या दिवसांत मिलिंदला घेऊन चाचांच्या शेतावर गेले. चाचीनं त्याला आधी जावयासारखा पारखून घेतला, मग आम्हाला बसवलं. मी हळूच विचारलं, "चाची, माझ्याआधी कुणी येऊन गेलं का हो?"

तिला लगेच कळलं. कणीस चोळता चोळता ती हसली.

"न्हाई गं पोरी. या खेपेला तूच पयली."