दादाच्या छातीचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर उभी राहते तेव्हाही मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यात बघून हे बोलणं मला जमणार नाही.

सुरुवात टी-शर्टांपासून झाली. हसू नका — खरंच तिथूनच झाली.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे माहेर म्हणजे थोरला भाऊ आणि वहिनी. दादा शाळेत भूगोल शिकवायचा. माझ्या हातात कला आहे असं सगळे म्हणत, आणि त्याच दमात मी धांदरट आहे हेही म्हणत. "मंदीले करता सगळं येते, सांभाळता काही येत नाही," हे दादाचं ठरलेलं वाक्य. हसत म्हणायचा, पण चारचौघांत म्हणायचा, आणि मला ते लागायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून चिखलदऱ्याला जायचं ठरलं. मुलींना सगळ्यांसाठी एकसारखे टी-शर्ट हवे होते. मी म्हटलं, विकतचे कशाला, मी रंगवते. साधे पांढरे टी-शर्ट आणले, धुऊन त्यांची खळ काढली. छातीवर वाघाचं पाऊल उमटवायचं ठरलं, मेळघाटात निघालो होतो ना! मध्ये मोठी गादी, वर चार बोटं. आधी पुठ्ठ्याचं स्टेन्सिल कापलं, पण एका टी-शर्टातच पुठ्ठा रंग पिऊन मऊ पडला आणि कडा फिसकटल्या. काहीतरी कडक हवं होतं, पुसून परत वापरता येईल असं. आता घरात असं काय असतं? जुना एक्स-रे. ब्लेडनं सुरेख कापला जातो, मोडत नाही, भिजत नाही. आमच्या शाळेत चित्रकलेचे सरही तोच आणायला सांगायचे.

कपाटावर एक्स-रेंची पिशवी होती. सासूबाईंच्या गुडघ्यांचे दोन-तीन होते, पण ते आकारानं लहान. एकच मोठा होता. दादाचा.

तो आमच्याकडे कसा आला? त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दादा एका लग्नासाठी अमरावतीला आला आणि तापानं फणफणला. न्युमोनिया निघाला. छातीचा फोटो काढला, औषधं झाली, आमच्याकडेच पडून राहून तो बरा झाला. जाताना तो मोठा लिफाफा त्यानं माझ्या हातात दिला. म्हणाला, "मंदे, हा तुह्याजवळच राहू दे, एसटीत मोडून जाईन. डॉक्टर म्हणे जपून ठेवा. जपजो." मी हो म्हटलं.

चुकून कापला, असं मला म्हणता आलं असतं. पण चुकून नाही. कोपऱ्यात त्याचं नाव होतं, ते मी वाचलं. मनात म्हटलं, माणूस तर बरा झाला, आता याचं काय लोणचं घालायचंय? आणि बरगड्यांवर पेनानं पाऊल काढून ब्लेड फिरवलं. कापलेले तुकडे केरात गेले.

टी-शर्ट मात्र झकास झाले. आत वर्तमानपत्र सरकवायचं, स्पंजनं थोडा थोडा रंग टिपायचा, वाळला की उलट्या बाजूनं इस्त्री. एकाही पावलाची कड फुटली नाही. चिखलदऱ्याला दादानं तो घातला आणि दिसेल त्याला सांगत सुटला, "माह्या बहिणीनं केला, घरी!" त्या दिवशी सांभाळण्याचं वाक्य त्यानं काढलं नाही. मी फार खूश होते. खरंच फार खूश होते हो.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला. अकोल्यात फोटो काढला, तर उजव्या बाजूला वरती डाग दिसला. दुपारी त्याचा फोन आला. "मंदे, डॉक्टर विचारून राहिले का हा डाग पयले होता का. जुना असन तर घोर नाही म्हणे. तो तुह्याजवळचा फोटो पाहाले पाहिजे."

मी म्हटलं, शोधते.

फोन ठेवून रंगांचा डबा उघडला, ते स्टेन्सिल त्यातच ठेवलेलं होतं. फोटो खिडकीच्या काचेला लावून बघितला. बरगड्या होत्या, हृदयाची सावली होती, आणि उजव्या बाजूला वरती — जिथं बघायचं होतं, तिथंच — पावलाची गादी कापलेली होती. भोकातून समोरच्यांची गच्ची दिसत होती. म्हणजे तो डाग आधी होता की नव्हता, हे जगात कुणालाच कळणार नव्हतं. मला आजही माहीत नाही.

एवढंच तर सांगायचं होतं की दादा, मी तो कापला. दादा ओरडला असता. वहिनीसमोर ते वाक्य परत म्हणाला असता, आणि मग जाऊन पुढची तपासणी करून आला असता. एका वाक्याची तर भीती होती! तेवढ्यासाठी माणूस असं करतो का? मी केलं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. म्हटलं, सापडला. म्हटलं, मी इथल्या डॉक्टरांना दाखवलासुद्धा, ते म्हणाले डाग तेव्हाही होता, न्युमोनियाचा वण आहे. तो म्हणाला, मोबाइलवर धाडून दे. मी म्हटलं, डॉक्टरांनीच ठेवून घेतलाय. एकामागून एक, अडखळलेसुद्धा नाही. खोटं बोलताना मी कधी धांदरट नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

दादा केवढा मोकळा हसला! "जीव भांड्यात पडला बुवा," म्हणाला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तरीही सीटी स्कॅन करायला सांगितलं होतं. दादानं मलाच विचारलं, "डाग जुनाच हाये, तर काहून उगाच? करू का मंदे?" इथं परत एक वाट उघडी होती. कर, आजच्या आज कर, एवढं म्हटलं असतं तर फोटोचं काही सांगायचीही गरज नव्हती. पण स्कॅनमध्ये काही निघालं तर परत फोटो मागतील, हे माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, परीक्षा होऊन जाऊ दे शाळेच्या, मग बघ सुट्टीत.

सुट्टी लागेपर्यंत थुंकीतून रक्त पडायला लागलं होतं.

नागपूरला नेलं, तोवर रोग पसरला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. दादा त्यांना सांगत होता, डाग जुना आहे, बहिणीजवळ फोटो आहे. वहिनीचा मला फोन आला, "मंदाताई, तो फोटो घेऊनच या."

आता मी सांगते ते नीट ऐका. इथवरचं कदाचित भित्रेपणात बसेल. पुढचं बसत नाही.

सासूबाई समोर पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या. तेव्हाच त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. दुधाखाली गॅस राहायचा, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. एकदा त्यांनी माझ्या लेकीची नवी पुस्तकं रद्दीत देऊन टाकली होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि फोनवर म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांकडून आणून कपाटावर ठेवला होता हो. आईंनी रद्दीत दिला वाटतं."

त्यांनी ऐकलं. हातातली काडी तशीच राहिली. नाही म्हणाल्या असत्या तर? मी काय केलं असतं, कोण जाणे. पण त्यांचा स्वतःवर भरवसाच उरला नव्हता. हळू आवाजात म्हणाल्या, "देला असन बाई मी. माह्या ध्यानातच राहत नाही काही."

दादाचं अंग उतरत गेलं. दवाखान्यात त्याला तोच टी-शर्ट हवा असायचा, धुऊन धुऊन मऊ झाला होता म्हणून. मी शेजारी बसायची. श्वास घेताना ते पाऊल वर-खाली व्हायचं. मी रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज संत्रं सोलून द्यायची. पावसाळा संपता संपता तो गेला. फोटोबद्दल त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

तेरवीला सासूबाई वहिनीसमोर गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "माह्या हातून झालं, पोरी. माफ कर." वहिनीनं तोंड फिरवलं. आजतागायत ती त्यांच्याशी बोललेली नाही, आमच्या घराची पायरी चढलेली नाही. मला मात्र त्या दिवशी तिनं उराशी धरलं. "तुम्ही तं तुमच्याकडून केलंच हो ताई," म्हणाली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर तो टी-शर्ट तिनं मलाच दिला, तुमच्या हातचा आहे म्हणून.

तो रंगांच्या डब्यात ठेवला आहे. त्याच्याखाली ते स्टेन्सिल आहे, कडांना काळा रंग वाळलेलं. त्यानंतर मी काही रंगवलेलं नाही.

सासूबाईंना आता नातीचं नाव आठवत नाही. स्वतःचा नवरा जाऊन किती काळ लोटला तेही आठवत नाही. ही एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नाही. पाहुण्यांसमोर मध्येच म्हणतात, मी एका माणसाचा फोटो रद्दीत देला, तो मेला. मग मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "जाऊ द्या आई, झालं गेलं." लोक माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, किती मोठं मन. मी ते ऐकून घेते.

सांगायला अजून उशीर झालेला नाही. त्या जिवंत आहेत. शेजारच्या खोलीतच आहेत.

काल जेवताना त्यांनी परत विचारलं, "भेटला का गं मंदा, तुह्या भावाचा फोटो?"

मी म्हटलं, "नाही आई." आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं.