दादाच्या गिटारीला लाखेचा कोट
जुनी वस्तू दुरुस्तीला काढली की ती कधी दुरुस्त होईल ते देव जाणे, पण सांगण्यासारखं मात्र रोज काहीतरी घडतं. आमचं आरमोरीतलं घर महिनाभर असंच चाललं होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, झाडीपट्टीच्या नाटकांत वीस सीझन गिटार वाजवायचा. तिचा तारा धरणारा ब्रिज उखडला, पोटाला चीर गेली, तेव्हा "मेली ते! कोनी हात नोका लावू," म्हणून ती माझ्याकडे टाकून गेला आणि तीन वर्षं वाजवणंच सोडलं. मला ते बघवेना. शेवटी त्याला न सांगता मीच कामाला लागलो. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे अनुभव शून्य!

*

पहिलं काम रंग खरवडायचं. काळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली लाल, लालाखाली हिरवा! दादानं जितक्या नाटक कंपन्या बदलल्या, तितके कोट.

माझी बायको कुंदा सँडपेपर घासून घासून थकली. "खाली लाकूड हाय का नाई हो? का पुरी रंगाचीच हाय?"

*

सुतार दिवाकरभाऊंनी गिटारीला टिचक्या मारल्या. "सागवान नाई," ते नाराजीनं म्हणाले. चिरेला आतून पट्टी लावायला त्यांनी दाराच्या चौकटीचा तुकडा काढला.

"भाऊ, पातळ पाहिजे!"

"पातळ? अन् उद्या कोनी बसलं त?"

*

ब्रिज चिकटवला, पण दाबून ठेवायला क्लॅम्प आणायचा कुठून? पाटा ठेवला, तो घसरला. कुंदानं धानाची थैली ठेवली, ती चपखल बसली. ब्रिज असा चिकटला की दिवाकरभाऊसुद्धा मान डोलवायला लागले!

फक्त धानाच्या वासानं एक उंदीर गिटारीच्या भोकातून आत जाऊन बसला होता. कुंदा म्हणाली, "घ्या, पयलं तिकीट खपलं!"

*

पॉलिशसाठी बाजारात जंगलातली लाख मिळाली. ती विरघळवायला स्पिरिट हवं. आता आमचा दारूबंदीचा जिल्हा, आणि भर दुकानात गुरुजी स्पिरिट मागतायत! दुकानदारानं चष्मा काढला. "सर, तुमीबी?"

मी घरून गिटार आणून दाखवली. "असं नाई. एक हात माह्यासमोर मारा," तो म्हणाला. लाख विरघळेपर्यंत तीन चहा झाले. मग काउंटरवरच पहिला हात मारला. लाकूड मधासारखं उजळलं आणि जमलेल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! एक जण म्हणाला, "गुरुजी, आमच्या दिवानालेबी मारून द्या ना एक!"

*

नवीन तारा चढवल्या आणि रविवारी दादाला जेवायला बोलावलं. त्याचा हुकूम मोडला होता, म्हणून घाबरून थाप मारली, "नवीन घेतली. पाहून घे जरा."

दादानं गिटार मांडीवर घेतली, पाठीवरून हात फिरवला, एक तार छेडली. 

"बरी हाय," तो म्हणाला. "पन माह्या गिटारीची सर नाई."

मी खचलोच. कुंदा मात्र तयार होती. "भाऊजी, मंग तुमची कशी वाजे?"

"कशी वाजे?" दादा सरसावून बसला आणि ते दाखवायला दोन तास वाजवत राहिला! भात गार झाला, शेजारी आणि दिवाकरभाऊ अंगणात येऊन बसले, भाऊंनी तर डोळे पुसले. मला तर इतका आनंद झाला की जेवणच सुचेना.

निघताना दादानं गिटार खांद्याला अडकवली. "हे मी नेतो. तुले काय समजते यातलं!"

मी त्याच्या चपला पुढं केल्या. दारात थांबून तो वळला.

"अन् माही जुनी देऊन टाक भंगारात."