खाली नाव आबासाहेबांचं

आमच्या पाथरीकडच्या गावांत देवळाची भिंत रंगवणारा स्वतःचं नाव कधी टाकत नसे. ज्याने खर्च केला त्याचं नाव चित्राखाली यायचं. रंगवणाऱ्याने नाव लिहिलं तर देवापुढे मिरवल्यासारखं होतं, असं समजत. माझा वैजीनाथमामा याच रीतीत वाढला आणि याच रीतीने बुडाला.

घर साध्या शेतकऱ्याचं. काव आणि चुना घेऊन त्याने मारुतीच्या देवळात काढलेली लंका पाहून गावचे देशमुख आबासाहेब खूश झाले. त्यांनी त्याला आधी हैदराबादला आणि मग थेट विलायतेला शिकायला धाडलं. माझी आजी धुरपताबाई आबासाहेबांच्या पाया पडली.

विलायतेतलं पहिलं वर्ष मामाचं हाल काढण्यात गेलं. तो आधी काळी रेघ ओढायचा आणि आत रंग भरायचा. तिथले मास्तर रेघ पुसायला लावायचे. आमच्याकडच्या उन्हात माणूस आणि सावली चाकूने कापल्यासारखी वेगळी दिसतात. लंडनच्या धुक्यात मामाला रेघ सापडेचना. हळूहळू त्याला करड्या रंगातही किती रंग असतात ते दिसू लागलं. सुटीत इटलीला गेला, तर तिथेही देवळांच्या भिंतींवर चुन्यात रंगवलेली माणसं! संतांना शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे दिलेले. त्याला घरी आल्यासारखं वाटलं म्हणे. मग त्याने परमुलखात बसून गाव रंगवलं. ज्वारी खुडणारी शेजारची कडूबाई, पाथरीचा बाजार, आणि मोट हाकताना तिच्या दोरावर, नाड्यावर, बसलेला त्याचा जिवलग भुजंग. भुजंगचं चित्र सगळ्यांत सरस. रेघ कुठेच नाही, तरी भुजंग म्हणजे भुजंगच.

चित्रं तो बोटीने आबासाहेबांकडे पाठवायचा. प्रत्येकाखाली रीतीप्रमाणे आबासाहेबांचं नाव लिहायचा, तेही उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात त्याची शाळा उर्दूची. विलायतेत चित्राखालचं नाव चित्रकाराचं असतं, हे रोज पाहूनही त्याने रीत सोडली नाही. आता याला भोळा म्हणावं की बावळट? मी दोन्ही म्हणते.

एकोणचाळीस साली, लढाईच्या तोंडावर मामा परतला. हैदराबादेत चित्रकलेच्या मास्तरची जागा निघाली होती, पण ती मिळवायला स्वतःची चित्रं दाखवावी लागणार होती. ती एका नवाबाच्या हवेलीत मांडलीत असं कळलं, म्हणून मामा हौसेने तिकडे गेला. आत शेरवानी घातलेले आबासाहेब लोकांना समजावत होते, ज्वारीचा पिवळा रंग आपण कसा साधला ते. मामाला पाहून जरा अडखळले, मग म्हणाले, "हा आमच्याकडं रंग खलायला असतो."

मामाने त्यांना बाहेर गाठलं. "आबासाहेब, ह्ये काय करायलाव तुमी?"

"नाव तूच लिवलंस ना रे? मी सांगितलं व्हतं का? आन् इलायतेला तुला धाडलं कुणी?"

मामाने नवाबापुढे गाऱ्हाणं घातलं. देशमुखाच्या हातात कुंचला देऊन परीक्षा घेणं नवाबाला शोभेना. त्याने गावचा एक साक्षीदार आणायला सांगितलं. मामा तसाच गावी आला आणि भुजंगला घेऊन गेला. लहानपणी देवळाच्या भिंतीसाठी चुना मळून देणारा भुजंगच होता. गाडीत तो म्हणाला, "भिऊ नगंस. मी हाय."

हवेलीत आबासाहेब समोरच बसले होते. नवाबाने भुजंगच्याच चित्राकडे बोट करून विचारलं, हे काढलं कुणी? भुजंगने आबासाहेबांकडे पाहिलं.

"सरकार, खाली नाव हाय की."

भुजंग आबासाहेबांच्या रानात कूळ होता, हे मला ठाऊक आहे. तरी त्याचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं. मामाची जागा गेली, चित्रं गेली. पुढे निजामाचं राज्य गेलं, तरी ती चित्रं आबासाहेबांचीच राहिली. मामा दुकानांच्या पाट्या रंगवत म्हातारा झाला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. मानवत रोड स्टेशनावर उतरताना भुजंगला रडू फुटलं. "वैजीनाथ, लेकरं हाइत रे मला."

"रडू नगंस," मामा म्हणाला. "तुझं त्वांड लय मनापासून काढलं व्हतं मी. आता त्ये बी त्यांनीच काढलं म्हणायचं."